फलाटावरची बाई

१९ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्काराच्या ओळी मनातच भरून घ्या, मी थेट मुद्द्यावर येतो. तुमच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या घाटाचे फोटो मिळाले. डोंगर झकास झालाय. जन्मभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवलेल्या माणसाला प्लॅस्टरचा डोंगर काय जड! पण बोगद्याच्या तोंडाशी तुम्ही ज्या दरडी कोरल्यात, त्या मला थेट दाढांसारख्या दिसल्या. रागावू नका. बोगदा जांभई देतोय असं वाटतं, एवढंच.

तक्रार फोटोंची आहे. परत उभ्याने काढलेत. झाडावरच्या कावळ्याला आगगाडी दिसेल तशी मला दिसली. किती वेळा सांगितलं, कॅमेरा फलाटावर ठेवा, त्या बोटभर हमालाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग इंजिन कसं अंगावर येतं बघा. गुडघे कुरकुरत असतील तर बुटकं स्टूल घ्या. आणि मोबाइलवर पाठवायचा आळशीपणा करू नका, त्या काचेत सावल्या मरतात. कागदावरच पाठवत चला. मी मागे पेन्सिलीने शेरे लिहून परत पाठवतो. दुकानातली जुनी खोड आहे, जायची नाही.

सोबत माझ्या यार्डाचे फोटो आहेत. काळं इंजिन तुमच्या ओळखीचंच, पण त्याच्या कोळशाच्या डब्यावर मी पेन्सिलीचं शिसं किसून भुरभुरवलंय. नवं कोरं इंजिन मला बघवत नाही. कामावरून आल्यासारखं दिसलं पाहिजे.

दुकानाचं काय सांगू? पासपोर्टच्या फोटोपुरती माणसं येतात, तीही पाठीमागे कोणी लागल्यासारखी. मान सरळ, हसू नका, झालं, निघा. ही गेल्यापासून घरी जाऊन तरी कोणाचं तोंड बघायचं, म्हणून मी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत रूळ जोडत बसतो. मुलांनी आपापलं ठरवून आपली गाठ घालून दिली तेव्हा पहिल्याच भेटीत तुम्ही माझ्या कानाशी येऊन विचारलंत, तुमचे रूळ कुठल्या मापाचे? बाकीची मंडळी हॉलच्या भाड्याचं बोलत होती. मला तेव्हाच वाटलं, आपलं जमलं. खोटं कशाला बोलू, तुमचं पाकीट आलं की तेवढा दिवस बरा जातो. बाकीचे नुसते जातात.

मुलांची काही खबर? माझे चिरंजीव फोनवर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ यांच्या पुढे सरकत नाहीत. सूनबाई कामासाठी बाहेरगावी गेल्याचं तेवढं कळलं. तुम्हाला जास्त माहीत असेल, लेक आहे तुमची.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
फोटोवाला


२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

दाढांचा शेरा घरात वाचून दाखवला. सगळे हसले. मी दरडी घासून बोथट केल्या आहेत. घासायचं काम मला झोपेतही जमतं.

तसं आता तेवढंच काम उरलंय. आमच्या लॅबमध्ये नवीन यंत्र आलं. डॉक्टर तोंडात एक दांडकं फिरवतो, इकडे पडद्यावर जबडा उमटतो आणि यंत्र कवळी कातून बाहेर टाकतं. मी तिच्या कडा गुळगुळीत करतो. मालक माझ्याशी फार गोड बोलतो हल्ली. माणसाला घरी बसवायचं असलं की असंच बोलतात. मला राग येत नाही, नुसती झोप येते.

तुमच्या हुकमाप्रमाणे वाकून फोटो काढले. पाठीत उसण भरली ती भरलीच. या खेपेला फलाट पाठवतोय. फलाटावरची माणसं नव्याने रंगवली आहेत, बघा कशी वाटतात. तुमच्या इंजिनावरची धूळ छान, पण चाकांच्या आसांना तिचा स्पर्श होऊ देऊ नका. शिसं विजेला वाट देतं, कुठेतरी चरचरेल.

मुलांचं ठीक आहे. सगळं ठीक.

तुमचा,
कवळीवाला


२० फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुम्ही ठीक म्हणता, फोटो वेगळंच सांगतात. उजेड वाचण्यात माझा जन्म गेला, माझ्यापासून काय लपवणार?

आजवरच्या तुमच्या सगळ्या फोटोंत सावल्या डावीकडून उजवीकडे पडायच्या. पुढच्या खोलीतली खिडकी, सकाळचा उजेड. या वेळी सावल्या उलट्या आणि पातळ, जाळीतून आल्यासारख्या. मागे लावलेल्या आकाशाच्या पडद्याला मधोमध घडी पडलीय, म्हणजे तो अरुंद जागेत कोंबलाय. आणि पाण्याच्या टाकीच्या चकचकीत पत्र्यावर नीट पाहिलं तर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दिसतो. तुमची रेल्वेची मांडणी बाल्कनीत गेली आहे, व्याहीबुवा. खरं ना?

आता दुसरं. फलाटावरच्या माणसांना भुवया आहेत! एका हमालाच्या कपाळावर तर आठीसुद्धा आहे. गेल्या वर्षी तुमच्या माणसांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे होते, मी तसा शेराही मारला होता. म्हणजे तुम्ही मोतीबिंदू काढून घेतलात. ऑपरेशन झालं, पुढच्या खोलीत खाट टाकली, मांडणी बाहेर गेली, आणि मला कळवलं नाहीत. मी काय परका आहे?

या वयात दुखणं लपवू नका. मी हे पाहिलंय. ही असंच ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिली होती. तुम्हाला सोबत हवी असेल तर मी दुकान बंद करून येतो, कोणाचं काही अडत नाही. एवढे फोटो बघितले, पण तुमची मांडणी मी डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही.

लगेच उत्तर पाठवा.

फोटोवाला


५ मार्च

व्याहीबुवा,

मोतीबिंदू नाही. डोळे आहेत तसेच आहेत, अधू. खाट टाकली हे मात्र बरोबर ओळखलंत. ती लेकीसाठी टाकली आहे.

ती थंडी पडायच्या आधीच आली. एक बॅग घेऊन आली आणि मग राहिलीच, तेव्हा जानेवारीअखेर खाट टाकली. मला इतके दिवस वाटत होतं की तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आणि भिडेपोटी तुम्ही विषय काढत नाही. मी मनात तुमचे आभारही मानले होते. आता तुमचं पत्र वाचून कळलं की तुमच्या मुलाने तुम्हाला बाहेरगावचं काम सांगितलंय. मग मला तुमचीच दया आली.

भुवया तिने काढल्या. इथे चष्म्याच्या दुकानात तिने नोकरी धरली आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून येते आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून सर्वांत बारीक ब्रशाने हमाल रंगवते. फार बोलत नाही. पण त्या वेळेला तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरतो, म्हणून मी तिला नवीननवीन माणसं आणून देतो. एवढे प्रवासी झालेत की गाडीत मावायचे नाहीत. फोटो कोणाला जातात हे तिला माहीत नाही. छंदातला एक ओळखीचा आहे, एवढंच मी सांगितलंय. दाढांवर ती सगळ्यात जास्त हसली. कोण म्हणालं ते मी गिळलं.

आमच्या हिला माहीत आहे. तिचं म्हणणं, आता त्या घराला पत्रं कसली लिहिताय? मी म्हटलं, मी घराला लिहीत नाही, माणसाला लिहितो. ती म्हणाली, तो माणूस त्याच घरातला आहे.

मला कंटाळा आलाय, व्याहीबुवा. भांडण झालं असतं तर निदान कोणाची बाजू तरी घेता आली असती. इथे नुसतं सगळ्यांनी एकमेकांना जपून चालायचं. तुम्हाला सांगितलं, आता जरा मोकळं वाटतंय. पण तुम्ही काही करू नका.

कवळीवाला


१४ मार्च

व्याहीबुवा,

पत्र वाचून दुकान बंद केलं आणि मुलाला फोन लावला. विचारलं, खरं काय? तो म्हणाला, तिला जायचं होतं, ती गेली. मी म्हटलं, आणि तू? तो म्हणाला, मी काय करणार होतो? मग त्याने विचारलं, अजून काही? बँकेत खिडकीमागचा माणूस विचारतो तसं.

मी तुम्हाला मनातलं सांगतो. त्या दोघांचं तुटलं तर आपलं काय, हा विचार माझ्या डोक्यात आधी आला. मुलाचा नंतर. लाज वाटली, पण आला खरा. विहीणबाई म्हणतात ते चुकीचं नाही. ते नातं गेलं तर कुठल्या तोंडाने मी तुम्हाला पाकीट पाठवणार? आणि तुम्ही सोडून मला बोलायला आहे कोण? समोरचा झेरॉक्सवाला आहे, तो फक्त क्रिकेटचं बोलतो.

तुम्ही म्हणालात काही करू नका. पण हातावर हात ठेवून बसवेना. बोलायला गेलो की माझे शब्द भलतीकडे जातात, तेव्हा मला जे येतं ते केलं. माझं मोठं स्टेशन तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या फलाटावर संध्याकाळ केली. दिव्याला पिवळा जिलेटिन कागद लावला, धुरासाठी कापूस पिंजला. गाडी येऊन थांबलीय, डब्याचं दार उघडं आहे, हातात बॅग घेतलेली एक बाई उतरतेय. समोर एक तरुण उभा आहे. त्याच्या डोक्यावर टोपी होती, ती मी ब्लेडने तासली आणि त्याच्या हातात दिली. चेहरा जरा खाली. हे सगळं जमवायला चार रात्री गेल्या. बऱ्याच वर्षांत इतका चांगला फोटो माझ्या हातून निघाला नव्हता.

तो सोबत आहे. सूनबाईंना दाखवा. समजावू बिमजावू नका, नुसता टेबलावर ठेवा. त्या हुशार आहेत.

तुमचा,
फोटोवाला


२५ मार्च

तुम्हाला काय हाक मारावी ते ठरेना. लग्नानंतर मी तुम्हाला बाबा म्हणत होते. ते आता तोंडातून निघत नाही, आणि काका म्हटलं तर खोटं वाटेल. तेव्हा हाक न मारताच लिहिते.

पाकीट माझ्या हातात पडलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं अक्षर मी ओळखलं. लग्नानंतर तुमच्या दुकानात बसून तुम्ही मला जुने फोटो दाखवायचात, प्रत्येकाच्या मागे तेच अक्षर. मग मी बाबांचा ड्रॉवर उघडला आणि बाकीचेही फोटो उलटून पाहिले. माझ्या हमालाच्या आठीला तुम्ही ‘शाबास’ म्हटलंय.

तुमचा फोटो चांगला आहे. तो चांगला आहे म्हणूनच मला जास्त राग आला. मी किती तरी वेळ बघत बसले आणि क्षणभर वाटलं, किती सोपं आहे, उतरायचं. पण त्या बाईला कोणी विचारलं होतं का, तुला उतरायचंय का? आणि एक सांगते, ती त्या डब्याच्या दारात मावत नाही. तुम्ही तिला मोठ्या मापाच्या खोक्यातून आणलंय. तिचं डोकं दाराच्या चौकटीच्या वर जातं. ती त्या गाडीतून आलेलीच नाही.

तुमच्या मुलाने मला कधी वाईट वागवलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतं काही तरी मनात धराल. तो कधी आवाज चढवून बोलला नाही. तो बोललाच नाही. कामावरून यायचा, जेवायचा, कानात ते इअरफोनचं बोंडुक घालायचा. मला ताप आला तेव्हा गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि ऑफिसला गेला. गोळ्या बरोबर होत्या, शेजारी पाणीही होतं. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, हसून पाहिलं. तो थांबायचा, माझं संपायची वाट बघायचा. मग मी सांगून-सवरून एका मैत्रिणीकडे राहायला गेले. त्याने एकदाही फोन केला नाही. परत आले, दार त्यानेच उघडलं, आणि विचारलं, जाताना गॅसचं सिलिंडर बुक केलं होतंस का? मी बॅग खाली ठेवलीच नाही. तशीच वळले.

एवढंच झालं. हे ऐकून लोक म्हणतात, एवढंच? आईही म्हणाली होती. माझ्याकडे दाखवायला जखम नाही. मी दमले होते, आणि अजून दमलेलीच आहे.

बाबांशी मी दोन दिवस बोलले नाही. मी त्यांच्या शेजारी बसून रंगवलेली माणसं त्यांनी मला न विचारता तुमच्याकडे पाठवली. ब्रश धुऊन ठेवले आहेत. तुमच्यावर माझा राग तेवढा नाही, तुम्ही एकटे आहात हे मला माहीत आहे. पण माझ्या येण्याजाण्याचे देखावे मांडू नका.


३ एप्रिल

व्याहीबुवा,

हे शेवटचं म्हणून लिहितो.

लेकीला सांगा, तिचं बरोबर आहे. बाई दारात मावत नव्हती, हे मला ठेवतानाच दिसलं होतं. वाटलं, कॅमेरा खाली घेतला की चालून जाईल. दुसऱ्याला सावल्यांवरून शिकवणारा मी! बाईला काढलं तेव्हा गोंदाबरोबर फलाटाचा पापुद्रा निघून आला. राहू दे तसाच.

सिलिंडरचं पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा माझ्याशीही असाच बोलतो. मी समजत होतो की तो कामात असतो.

तुमच्या घरात माझं पाकीट यावं असं आता काही उरलं नाही. मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. यात राग नाही, उलट तुमच्या घरातल्या दोघींना जरा मोकळा श्वास घेता यावा एवढंच. तुमचे जे फोटो माझ्याकडे होते ते परत पाठवतोय, माझे तुमच्याकडे राहू द्या किंवा फाडून टाका. दरडींबद्दल बोललो होतो, पण तो डोंगर खरंच सुरेख आहे.

फोटोवाला


८ सप्टेंबर

लिहू नका म्हणालात, मी इतके महिने ऐकलं. आता ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात कोर्टात सह्या झाल्या. तुमचा मुलगा आला होता. दोघं एकाच बाकावर बसली होती, मध्ये तिची पर्स. आत बोलावलं तेव्हा त्याने दार धरून तिला आधी जाऊ दिलं. बाहेर आल्यावर माझ्याजवळ आला, नमस्कार केला, आणि काही तरी बोलायचं होतं त्याच्या मनात, पण नाही जमलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याने राहवलं नाही. तुम्हाला हे कळावं म्हणून सांगतोय.

म्हणजे आता आपण एकमेकांचे कोणी नाही. वर मायना काय लिहावा हे सुचलं नाही म्हणून सोडून दिला. माझ्या लेकीचीही तीच पंचाईत झाली होती म्हणे.

माझं सांगायचं तर लॅबने मला निरोप दिला. भाषण झालं, हार घातला, मालक फारच गोड बोलला. तेव्हापासून घरी आहे. तुमचे शेरे यायचे थांबले आणि माझं मांडणीत लक्ष लागेना. फोटो काढायचो, ड्रॉवरमध्ये टाकायचो. मग काढायचेही थांबवले. सकाळी पेपर घेऊन बाल्कनीत बसायचं, दुपारी तोच पेपर. हिने काही विचारलं तर हो, नाही, बघू.

एक दिवस जेवताना ही मला काही तरी सांगत होती, आणि मी नुसता खाली बघून घास चावत होतो. तिने वाटी ठेवली आणि म्हणाली, "या घरात मला आणखी एक तसा माणूस नकोय."

कोणासारखा ते तिने सांगितलं नाही. लेक समोरच बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, तिला ते केव्हाच दिसलं होतं. तिने ताट उचललं, आत गेली. संध्याकाळी दुकानातून आल्यावर मला म्हणाली, "त्यांना बोलवा." मी विचारलं, कोणाला? ती म्हणाली, उगाच वेड पांघरू नका.

हिचं मन वळायला महिना गेला. पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही. चहा करीन, म्हणाली आहे, बाकी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

तेव्हा तुम्ही या. फोटो नको, स्वतः या. एकच सांगून ठेवतो, नाहीतर तुमची निराशा होईल. तुम्ही शिकवल्यासारखे वाकून वाकून फोटो काढल्याने मांडणी मोठी दिसते. प्रत्यक्षात ती फार लहान आहे. मला त्याचीच भीती वाटतेय.

वाट पाहतो.

कवळीवाला


२ ऑक्टोबर

कवळीवाले,

हा मायना मला आवडला. तुम्हालाही चालवून घ्यावा लागेल.

सुखरूप पोचलो. दुकान उघडलं, दाराशी फक्त लाइटचं बिल होतं. तेव्हा निवांत लिहायला बसलोय.

तुमच्या जिन्यात मी दोनदा थांबलो, धाप लागली म्हणून नाही. एकदा तर खाली परतही आलो होतो. वर गेल्यावर काय करायचं, कोणाकडे बघायचं, जोडे कुठे काढायचे, काही कळेना. दार तुमच्या सौभाग्यवतींनी उघडलं. त्यांना आता विहीणबाई म्हणता येत नाही, म्हणून मी नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं. त्या म्हणाल्या, या. साखर किती, एवढंच पुढे विचारलं. पण निघताना माझ्या पिशवीत पाण्याची बाटली भरून ठेवली होती, ती मला गाडीत बसल्यावर सापडली.

मांडणी लहान आहे, हे खरं. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एवढंसं टेबल, आणि मी इतकी वर्षं त्याला मुलूख समजत होतो. बोगद्यात गाडी शिरली की लगेच बाहेर! हसू आलं, पण निराशा म्हणाल तर अजिबात नाही. उलट जीव हलका झाला. माझीही तेवढीच आहे. तुम्ही आलात की बघाल.

मुलाला मी फोन केला. तुमच्याकडे जाऊन आलो हे सरळ सांगितलं, लपवायचा मला वीट आलाय. मला वाटलं, आता तो ‘अजून काही’ म्हणणार. पण त्याने विचारलं, ती बरी आहे ना? मी म्हटलं, दमलेली आहे, पण बरी आहे. तो म्हणाला, मला बोलायला जमत नाही, बाबा. मी म्हटलं, मग ऐक, आणि त्याला तुमच्या बोगद्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं वर्णन करून सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही. त्या दोघांचं यातून आता काही व्हायचं नाही, हे मला कळतं. माझा आणि त्याचा फोन तेवढा लांबला.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत नाही. गाडी वळणावर अडत होती आणि तुम्ही टेबलाखाली शिरून सुटलेली तार शोधत होतात, तेव्हाची. मी खुर्चीवर बसलो होतो. लेक बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. मी आधीच ठरवून आलो होतो की तिच्याशी आपण होऊन बोलायचं नाही, म्हणून मी डोंगराकडे बघत राहिलो. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी परत जाणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

"पण तुम्ही येत जा."

माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मी चष्मा काढला, आणि तिने तो सरळ माझ्या हातातून घेतला. म्हणाली, दांडी वाकली आहे, किती दिवस असा वाकडाच घालताय? तिथल्या तिथे सरळ करून दिला. तिच्या बोटांना रंग लागलेला होता, ताजा.

तेवढ्यात तुम्ही टेबलाखालून ओरडून विचारलंत, आता हलली का? आम्ही दोघंही हो म्हणालो. पण आमच्यापैकी कोणीच गाडीकडे बघत नव्हतं. ती खरंच हलली होती का, ते तपासा आणि मला कळवा. फोटोसकट.

तुमचा,
फोटोवाला